सोंग आणि मार

पी. साईनाथ यांच्या ‘द लास्ट हीरोज’ (2022) या इंग्रजी पुस्तकात हौसाबाई पाटील यांच्यावर एक प्रकरण आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या या कन्या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या काळात तुफान सेनेबरोबर होत्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याचं सोंग घेतलेला एक सहकारी त्यांना मारू लागतो, डोक्यात घालायला दगड उचलतो. पोलीस सोडवायला धावतात आणि तेवढ्यात बाकीचे साथीदार ठाण्यातली हत्यारं पळवतात.

हे वाचताना मला लूसी ओब्राक आठवल्या. फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीतल्या या इतिहासाच्या शिक्षिका. त्यांचे पती रेमों जून 1943 मध्ये ज्याँ मूलँ यांच्याबरोबर पकडले गेले. लग्नाआधी दिवस गेलेली, अब्रूच्या भीतीनं हवालदिल झालेली घरंदाज मुलगी बनून लूसी ल्योंमधल्या जर्मन अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि या कैद्याशी माझं लग्न लागू द्या, म्हणाल्या. 21 ऑक्टोबरला कैद्यांच्या गाडीवर हल्ला करून रेमों यांना सोडवण्यात आलं. ओळख खोटी होती. पोटातलं मूल खरं होतं.

बाई म्हणजे मार खाणारी किंवा अब्रू सांभाळणारी, हा सत्तेचा समज दोघींनी सत्तेवरच उलटवला. पण दोघींच्या कथनांना मिळालेली वागणूक सारखी नाही. लूसींनी 1984 मध्ये स्वतः आठवणी लिहिल्या. मे 1943 ते फेब्रुवारी 1944 या गरोदरपणाच्या नऊ महिन्यांची चौकट त्यांनीच निवडली. 1997 मध्ये फ्रेंच इतिहासकारांनी त्यांना समोर बसवून तपशिलांतल्या विसंगतींचा जाब विचारला. ते कठोर होतं, पण त्यात त्यांना लेखिका म्हणून जबाबदार धरलं गेलं. हौसाबाई मराठीत बोलल्या आणि छापल्या गेल्या इंग्रजीत. 23 सप्टेंबर 2021 रोजी त्या गेल्या. पुस्तक त्यानंतर आलं. साईनाथांनी त्यांना विस्मृतीतून बाहेर काढलं, याचं ऋण मोठं आहे. आपण वाचक मात्र त्यांना फक्त नमस्कार करतो. नमस्कार करून पुढं जाणं हाही न ऐकण्याचाच प्रकार आहे.

मी इरुंगाट्टुकोट्टैत राहते, इथल्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या पुस्तिका भाषांतरित करते. शेजारच्या अक्कांना माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ठाण्यासमोरचा प्रसंग सांगितला. ‘वेषम्’ हा शब्द वापरल्यावर त्यांना सगळं कळलं. मी हसण्याची वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, “लागलं का हो तिला?”

लागलं होतं. सहकाऱ्यानं खरोखरच जोरात मारलं, ही हौसाबाईंची तक्रार नव्वदी ओलांडल्यावरही कायम होती. इंग्रजीत ती मिश्कील वाटते, आणि मीही पहिल्या वाचनात हसून पुढं गेले होते. मराठीत आणताना मी आधी ‘नाटक’ लिहिलं, मग खोडून ‘सोंग’ केलं. नाटकातला मार पडदा पडला की संपतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. माराचंही आणता येत नाही. पोलिसांना पटावं म्हणून कुणाच्या तरी अंगावर वळ उठावे लागले, आणि ते अंग बाईचं होतं. चळवळीचा हा हिशेब त्या तक्रारीत आहे. माझ्या मसुद्यात ती आता विनोद म्हणून नाही, साक्ष म्हणून येते.