सैनिकांची पत्रे आणि अनुवादाचा पडदा

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांच्या घरगुती पत्रव्यवहाराचा डेव्हिड ओमिसी यांनी संपादिलेला संग्रह १९९९ साली ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ या नावाने प्रसिद्ध झाला. या नावातील ‘आवाज’ कितपत सार्थ आहे, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारणे आवश्यक आहे. अनेक सैनिक निरक्षर असल्याने पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेत. पुढे टपाल-तपासनिसांच्या कचेरीत त्यांतील निवडक मजकूर इंग्रजीत उतरविला जाई. संग्रहाचा आधार मुख्यतः हे अनुवादित उतारेच होत. उर्दू-पंजाबीत वडिलांस वा धाकट्या भावास लिहिताना मान आणि सलगी सर्वनामातूनच व्यक्त होते. इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये हा भेद लोपतो. म्हणून या उताऱ्यांवरून एखाद्या सैनिकाच्या वैयक्तिक शैलीविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

तथापि एवढ्यावरून ही पत्रे अभ्यासास निरुपयोगी ठरत नाहीत. तपासणीची जाणीव असलेले काही सैनिक हिंदी शिपायांस ‘काळी मिरी’ व गोऱ्या शिपायांस ‘लाल मिरची’ म्हणत. काळी मिरी सरत आल्याचे कळविले, की हिंदी पलटणींची हानी घरच्यांस कळावी, हा हेतू. तपासनिसांस हा संकेत उमगला, त्यांनी तो टिपला, आणि म्हणूनच तो आज उपलब्ध आहे. नात्याचे सर्वनाम अनुवादात हरपले. स्वयंपाकघरातील रूपक मात्र टिकले. या पत्रांत व्यक्तीचा आवाज शोधण्यापेक्षा भयाच्या छायेत घडलेली ही सामायिक संकेतभाषा अभ्यासणेच अधिक फलदायी होय.