प्रार्थनेस बसलेला राजा आणि उपसलेली तलवार

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातील तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाविषयी विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : पित्याचा खुनी क्लॉडियस एकटा, गुडघे टेकून समोर असता हॅम्लेट त्याचा वध का करीत नाही? मार्गदर्शिकांतील उत्तर ठरलेले असते. नायक चंचल व दीर्घसूत्री आहे, एवढ्यावर प्रकरण मिटते. परंतु हॅम्लेट स्वतः जे कारण सांगतो, त्याचा या उत्तरात मागमूसही नसतो.

ते कारण भयंकर आहे. प्रार्थनेत असताना मारले, तर हा पापी शुद्ध होऊन स्वर्गास जाईल. आपला पिता मात्र पापांगीकाराची संधी न मिळता मेला. म्हणून हा मद्यात, क्रोधात किंवा विषयभोगात बुडालेला सापडेल तेव्हाच घाव घालावा, म्हणजे देहाबरोबर आत्म्याचाही नाश होईल. डॉ. जॉन्सन यांना हे भाषण वाचण्यासही अतिशय भीषण वाटले. कोलरिजने उलट म्हटले की, ही केवळ टाळाटाळीची सबब होय. मार्गदर्शिकांनी कोलरिजचीच वाट धरली आहे.

पात्राचा हेतू ठरविताना त्याचे बोलणे त्याच्या पुढील कृतीशी ताडून पाहावे. लगेच पुढच्या प्रवेशात हॅम्लेट पडद्याआडच्या माणसावर, तो राजाच असावा अशा समजुतीने, क्षणाचाही विचार न करता वार करतो आणि पोलोनियस मरतो. येथे हात अडखळत नाही. तथापि तो आवेगाचा वार होता, असे कोलरिजचा पक्षपाती म्हणू शकेल. निर्णायक पुरावा पाचव्या अंकात आहे. रोझेनक्रँट्झ व गिल्डनस्टर्न यांच्या मृत्यूची आज्ञा हॅम्लेट शांत डोक्याने लिहितो, आणि त्यांना पापांगीकारालाही अवधी मिळू नये अशी त्यात तजवीज करतो. तेथे टाळण्याजोगे काहीच नव्हते; सबबीची गरज नव्हती. मग शत्रूच्या आत्म्याची हानी इच्छिणे हा त्याच्या मनात खरोखर रुजलेला विचार होता, असे मानणेच प्राप्त आहे. जॉन्सन यांची भीती योग्य होती.

गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. ते नावही बुद्धीच्या दुबळेपणाकडे नव्हे, तर विकारांच्या खेळाकडे बोट दाखविते.

आता क्लॉडियसकडे पाहू. त्याचे पश्चात्तापविषयक ज्ञान निर्दोष आहे. आपला अपराध काइनाचा आहे, हे तो जाणतो. ज्यासाठी खून केला ते राज्य, ती महत्त्वाकांक्षा व ती राणी हाताशी ठेवून क्षमा मागता येत नाही, हेही तो जाणतो. जक्कयाने लुबाडलेले परत देण्याचे वचन दिले. क्लॉडियस काहीच सोडीत नाही. अखेरीस शब्द वर गेले, मन खालीच राहिले, हे ओळखून तो उठतो. परंतु तोपर्यंत हॅम्लेट निघून गेलेला असतो. म्हणजे ज्या प्रार्थनेमुळे राजा वाचला, ती प्रार्थना झालीच नव्हती!

या प्रवेशाचे मर्म येथे आहे. हॅम्लेटने गुडघे पाहिले आणि अंतःकरण वाचल्याचे मानले. जो निवाडा केवळ परमेश्वराचा, तो त्याने आपल्या हाती घेतला. आणि त्या एका चुकीच्या वाचनानंतर पोलोनियस, ओफिलिया, लेअर्टीस, गर्ट्रूड असे बळी पडत गेले.

आम्हां पाळकांस व धर्मशिक्षकांस हा प्रवेश दोन्ही बाजूंनी लागू पडतो. मंडळीतील कोणाचा पश्चात्ताप खरा आणि कोणाचा दिखाऊ, हे आपण बाह्य चिन्हांवरून झटकन ठरवितो. तसेच पश्चात्तापाचा सिद्धांत अचूक शिकविणारा मनुष्य स्वतः त्याच्या उंबरठ्याबाहेर उभा असू शकतो. क्लॉडियस हा काही अज्ञानी पापी नव्हता.

तेव्हा वर्गात हे नाटक शिकविताना पात्रांना एका शब्दाचे लेबल लावू नये. पात्र काय म्हणते, लगेच काय करते, आणि त्याला काय ठाऊक नाही, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. माणसांविषयी मत बनविण्यापूर्वीही तेच तीन प्रश्न स्वतःस विचारणे हिताचे ठरेल.