न्यू वेव्ह नृत्यसंगीत : संकलने

ब्रिटन व अमेरिका यांतील ‘न्यू वेव्ह’ संप्रदायाच्या, विशेषतः नृत्यगृहांत वाजविल्या जाणाऱ्या, गीतांचे ध्वनिमुद्रित संग्रह. पंक रॉकच्या उठावानंतर, सु. १९७७ पासून, ही संज्ञा रूढ झाली. पंकचा रोखठोकपणा, डिस्कोचा अखंड ठेका आणि सिंथेसायझर व तालयंत्र यांचा यांत्रिक नाद यांच्या मिश्रणातून या संप्रदायाचे नृत्यसंगीत आकारास आले. लंडनमधील ब्लिट्झ, मँचेस्टरमधील हासिएंडा (१९८२–९७) व न्यूयॉर्कमधील डान्सेटेरिया ही नृत्यगृहे त्याची प्रमुख केंद्रे होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ बहर ओसरला. संकलनांना मात्र त्यानंतरही श्रोते मिळत राहिले.

या आकर्षणाचा उलगडा केवळ गतकालाच्या ओढीने होत नाही. त्याचे एक महत्त्वाचे कारण १२ इंची ध्वनिमुद्रिकेत सापडते. न्यूयॉर्कच्या डिस्को संगीतातून १९७० च्या दशकाच्या मध्यास पुढे आलेल्या या प्रकारात एका बाजूवर बहुधा एकच गीत असे. ऐसपैस खाचांमुळे खर्जातील स्वर भरदार उमटत व गीत सात-आठ मिनिटांपर्यंत वाढविता येई. न्यू ऑर्डर या वाद्यवृंदाचे ‘ब्लू मंडे’ (१९८३) सुमारे साडेसात मिनिटांचे असून त्यात गायकाचा आवाज दोन मिनिटांनंतर येतो. तोवर तालयंत्र, खर्ज व सिंथेसायझर एकामागून एक दाखल होऊन नर्तकाला ठेक्यात बांधून घेतात. सॉफ्ट सेलच्या ‘टेंटेड लव्ह’च्या (१९८१) दीर्घ आवृत्तीत एक गीत न थांबता दुसऱ्यात विलीन होते. अशा दीर्घ आवृत्त्या मूळ अल्बमांत बहुधा नसत. शिवाय अनेक वाद्यवृंद एखाद्याच गीतामुळे स्मरणात राहिले. या दोन्ही प्रकारच्या रचनांना संकलनाने आश्रय दिला.

आरंभीच्या संग्रहांपैकी झी रेकॉर्ड्सचे ‘म्युटंट डिस्को’ (१९८१) व डिपेश मोड, सॉफ्ट सेल इ. नवोदितांचा परिचय घडविणारे ‘सम बिझार अल्बम’ (१९८१) हे समकालीन घडामोडींचे दर्शक आहेत. पुढील संग्रहांची दृष्टी मागे वळलेली आहे. ऱ्हायनो रेकॉर्ड्सच्या ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ (१९९४-९५) या १५ भागांच्या मालिकेने विविध कंपन्यांची विखुरलेली गीते एकत्र आणली.

तथापि संकलन हे तटस्थ दप्तर नव्हे. सुमारे ७४ मिनिटांच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर चार मिनिटांची अठरा गीते बसतात. सात मिनिटांची दहाच. विक्रीच्या दृष्टीने पहिला पर्याय सोयीचा असल्याने पुष्कळ संग्रहांत लघू आवृत्त्याच येतात. त्यांत चाल व शब्द टिकतात. परंतु ठेका हळूहळू भिनण्यास लागणारा अवधी नाहीसा होतो. उलट, न्यू ऑर्डरच्या ‘सबस्टन्स’ने (१९८७) दीर्घ आवृत्त्या जपल्या; पण ‘टेम्प्टेशन’ व ‘कन्फ्यूजन’ ही गीते त्यासाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केली गेली व अनेकांच्या कानी तीच प्रथम पडली.

याहून गंभीर उणीव निवडीची आहे. ब्रिटिश गोऱ्या वाद्यवृंदांवर भर दिल्याने, या संगीताला ठेका पुरविणाऱ्या कृष्णवर्णीय, लॅटिन व समलिंगी डिस्को परंपरेचे ऋण झाकले जाते. ‘कन्फ्यूजन’ (१९८३) न्यूयॉर्कच्या आर्थर बेकर यांच्या सहकार्याने घडले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. स्ट्रट रेकॉर्ड्सच्या ‘डिस्को नॉट डिस्को’ने (२०००) डिस्को व रॉक यांमधील सीमाप्रदेशातील रचना एकत्र मांडून हे चित्र काही अंशी सुधारले.

संप्रदायाच्या सीमा श्रोतेही आखतात. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण व्हिएतनामी निर्वासितांनी युरोपीय डिस्कोलाच ‘न्यू वेव्ह’ हे नाव दिले. एलिझाबेथ आय यांच्या ‘न्यू वेव्ह’ (२०२४) या अनुबोधपटाचा तोच विषय आहे. या संकलनांचे मूल्यमापन त्यामुळे केवळ गाजलेल्या गीतांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरते. गीताची मूळ लांबी, आवृत्तीची अचूक नोंद आणि ज्यांच्या नृत्यातून हे संगीत घडले त्या सर्वांचे प्रतिनिधित्व हेच त्यांचे खरे निकष होत.