कारणाचं खरं नाव

आनंद तेलतुंबडे यांचं ‘खैरलांजी : अ स्ट्रेंज अँड बिटर क्रॉप’ (२००८) हे इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. अमेरिकेत काळ्या माणसांना झुंडीने मारून झाडाला टांगत, त्यावरच्या एका गाण्यातून हे नाव घेतलंय. खैरलांजी मात्र आपल्याच बाजूचं, नागपूरच्या पलीकडे, भंडारा जिल्ह्यात.

२९ सप्टेंबर २००६ ला तिथे भोतमांगे या दलित कुटुंबातली आई सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना गावच्या जमावाने मारलं. उरले एकटे वडील, भैयालाल.

एक कबुली देते. आमच्या पांढुर्ण्यात नागपूरचे पेपर येतात. सुरुवातीला बातम्यांतून अनैतिक संबंधाची कुजबुज आली. मीही ओट्यावर बसून म्हटलं, “काहीतरी असेलच बाई, उगाच का कोणी मारतं?” क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागून महिनाही झाला नव्हता.

तेलतुंबडे हीच कुजबुज सोलून काढतात. जमिनीचा वाद, शिकणारी मुलं, मान खाली न घालणारी आई, मारहाणीच्या एका प्रकरणात तिने दिलेली साक्ष, हे सगळं एका घाणेरड्या शब्दाखाली झाकलं गेलं. आपली माणसं हुद्द्यावर बसली की न्याय आपोआप मिळतो, हा समजही ते मोडतात. पुस्तक रडवत नाही, हिशेब मांडतं. तेच त्याचं बळ.

उणीवही तिथेच. माझ्यासारखी वाचक पानोपानी बापाला शोधत राहते. आणि त्याची लांब वाट तर पुस्तकानंतरची. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या सहांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. दोन्हीकडे गुन्हा सूडाचा ठरला, ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. भैयालाल लढत राहिले. २० जानेवारी २०१७ ला ते नागपुरात वारले, तेव्हाही न्यायाची वाट पाहणं संपलं नव्हतं.

“शिक्षा तर झाली ना, मग आणखी काय हवं होतं?” एका मैत्रिणीने मला विचारलं. अगं, लेकरू का मारलं, त्या कारणाचं खरं नाव आईबापाला हवं असतं. नाव चुकीचं पडलं, तर मेलेल्या लेकीवरचा डाग तसाच राहतो.

आपण करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींना हिंसा मानतो. ओट्यावरचं माझं ते वाक्य अनुमोदनच होतं. त्याची क्षमा मागायला त्या घरात एकच माणूस उरला होता, आता तोही नाही. म्हणून मैत्रिणींनो, असं काही कानावर आलं, तर आधी एवढंच विचारू या, “तुला कोणी सांगितलं?”