सान्सा स्टार्कची तीन असत्ये

दुःखाने माणूस उदात्त होतो, ही साहित्यातील फार जुनी समजूत होय. ती सर्वस्वी खरी नाही, याचा प्रत्यय जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या अद्भुतरम्य कादंबरीमालेतील सान्सा स्टार्क या सरदारकन्येच्या चित्रणातून येतो. या मालेचे पाच खंड १९९६ ते २०११ या काळात प्रसिद्ध झाले. सान्साचे नैतिक परिवर्तन पारखावयाचे असेल, तर तिची तीन असत्ये विचारात घेतली पाहिजेत.

प्रारंभी ती विंटरफेलच्या अधिपतीची अकरा वर्षांची कन्या आहे. शूर सरदारांच्या गीतांत रमणारी. तिचा नियोजित वर, राजपुत्र जॉफ्री, एका खाटकाच्या मुलाला तलवारीने छळतो. हे तिने स्वतः पाहिलेले असते. तरीही राजापुढे साक्ष देताना, आपणास काही आठवत नाही, असे ती सांगते. पुढे तो मुलगा मारला जातो. पण तिचा शोक आपल्या पाळीव लांडगिणीपुरताच राहतो. कुलीनतेच्या कुंपणाबाहेरचे दुःख तिला अद्याप दिसत नाही.

यानंतर पित्याचा शिरच्छेद होतो. जॉफ्रीच्या आज्ञेने राजरक्षक तिला भर दरबारात मारतात. दुसऱ्या खंडात (१९९८) डाँटोस नावाच्या मद्यपी सरदाराला जॉफ्री मृत्युदंड देतो, तेव्हा जन्मदिनी हत्या करणे अशुभ असते, असे असत्य रचून ती त्याचे प्राण वाचवते. येथे मार खाण्याचे भय तिला आहे, लाभ कोणताच नाही. पुढे राजधानीला वेढा पडला असता भयभीत स्त्रियांना तीच धीर देते आणि शत्रुकुळातील जखमी लॅन्सेलवर उपचार करविते. दुःखाचे रूपांतर करुणेत झाले, असे येथे निश्चितपणे म्हणता येते.

तथापि हे रूपांतर अपरिहार्य नव्हते. राणी सर्सीही बळजबरीच्या विवाहाने पोळलेली आहे. परंतु त्या अनुभवातून ती केवळ भयाच्या बळावर राज्य करण्याचा धडा घेते. दुःख तेच, फलित भिन्न.

चौथ्या खंडातील (२००५) तिसरे असत्य अधिक अस्वस्थ करणारे आहे. आश्रयदाता पीटर बेलिश याने केलेल्या हत्येचा दोष सान्सा मॅरिलियन या गायकावर ढकलते. त्याने तिच्यावर अत्याचाराचा प्रयत्न केला होता, हे खरे. पण ती हत्या त्याची नव्हती. आजारी बालक रॉबर्टचा ती मायेने सांभाळ करते, आणि वैद्य कचरत असताही त्याला गुंगीचे औषध देण्याचा आग्रह धरते.

ज्या यातनांनी तिला परदुःख ओळखावयास शिकविले, त्यांनीच तिला खरे लपविण्याची कलाही शिकविली. मार्टिन यांनी या दोहोंपैकी एकही बाजू सौम्य केलेली नाही, हे या चित्रणाचे मोठेपण आहे. दुःख डोळे उघडते; पण उघड्या डोळ्यांनी कोणती वाट धरावी, हा निर्णय दुःख भोगणाऱ्यालाच करावा लागतो.