आणीबाणी आणि आपला युक्तिवाद

आणीबाणीचा विषय निघाला की आपल्या साहित्यिक-कार्यकर्त्यांत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. १९७५ साली स्वातंत्र्य गेले ते पांढरपेशांचे. गावकुसाबाहेरच्या माणसाला ते होतेच कधी? पोलिसाचा दंडुका त्याच्या पाठीवर आधीही होता, नंतरही राहिला. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मला ते घातक वाटते.

ती हुकूमशाही घटना फाडून आली नव्हती. इंदिरा गांधी १९७१ मध्ये 'गरिबी हटाओ' म्हणत लोकसभेच्या ३५२ जागा घेऊन आल्या होत्या. (आणीबाणीच्या कलमाचा आकडाही ३५२च, हा केवळ योगायोग.) १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढचे सारे रीतसर. ३८व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या घोषणेला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली, ३९व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूकच न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार मिसाखाली तुरुंगात होते, पण संसद भरत होती आणि हात वर होत होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांना बंदिप्रत्यक्षीकरणाचा दरवाजाही बंद केला. न्यायमूर्ती खन्ना तेवढे एकटे वेगळे राहिले.

आता आपल्याला अवघड जाणारी गोष्ट. 'अंतर्गत अशांतता' हे निमित्त ३५२व्या कलमात मुळातच होते, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. घटना समितीत ह. वि. कामथांनी ह्या तरतुदींना कडाडून विरोध केला होता. हे आपण झाकू नये. पण घटनेचे रूप न बदलताही केवळ कारभाराचे रूप बदलून तिचा विपर्यास करता येतो, हे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनीच सांगितले होते. राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांनी सांगितले २५ नोव्हेंबर १९४९ रोजी. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ 'इंदिरा म्हणजेच इंडिया' म्हणत होते, तेव्हा हा इशारा सर्वांत मोठ्याने कोणी उच्चारायला हवा होता?

लोकसभेत आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव मांडला जगजीवनराम यांनी. ते ज्येष्ठ मंत्री होते हे खरे; तरी तो ठराव एका दलिताच्या तोंडून यावा, ही सत्तेला सोयीची गोष्ट होती. १९७५च्या कराड संमेलनात स्वागताध्यक्षपदी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी बोलल्या, पुढे तुरुंगातही गेल्या. १९७६ साली नामदेव ढसाळांनी 'प्रियदर्शिनी' लिहिली. 'गोलपिठा'चा कवी मी कमी लेखत नाही. पण दुर्गाबाई उच्चवर्णीय आणि नामदेव आपला, म्हणून आपण हिशेब उलटा मांडायचा काय?

आणीबाणीने दलितांना काहीच दिले नाही असे मी म्हणणार नाही. वेठबिगारीविरुद्धचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५चा, कायदा १९७६चा. अस्पृश्यता गुन्हे कायदाही त्याच वर्षी नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून कडक झाला. पण जमीनदाराने वेठबिगार सोडलाच नाही, तर विचारणार कोण? मोर्चाला बंदी, वृत्तपत्रावर सेन्सॉर, ओरड करणारा कार्यकर्ता मिसाखाली. कायद्याप्रमाणे गड्याला सोडवायला बसायचे ते जिल्हाधिकारी, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायची सोय नाही. असा कायदा हातात दिलेल्या भिकेसारखा असतो. देणाऱ्याची मर्जी फिरली की तो गेला.

ती मर्जी कशी फिरते हे नसबंदीत दिसले. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. दिल्लीत झोपडी पाडलेल्या माणसाला घराच्या जागेसाठी नसबंदीचा दाखला मागितला जाई. वीस कलमी कार्यक्रमातले घर ते हेच. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. आले असते, तर सरकारी गाडी आधी पेठेत थांबली असती की आपल्या वस्तीत, ह्याचे उत्तर 'स्वातंत्र्य पांढरपेशांचे' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी द्यावे.