उद्योजकचरित्राचा साचा आणि कामगाराचे स्थान : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रकथनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठी चरित्रवाङ्मयात संत, राज्यकर्ते व समाजसुधारक यांच्या तुलनेत उद्योजकांची चरित्रे कमी आहेत. जी आहेत ती बहुधा प्रेरणेसाठी वाचली जातात. त्यांची वाङ्मयीन चिकित्सा क्वचितच होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांच्या चरित्रकथनाच्या आधारे या साच्याचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चरित्रकथनाचा साचा :
लक्ष्मणरावांची कथा सर्वपरिचित आहे. रंगांधळेपणामुळे चित्रकलेचे शिक्षण सुटले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढती डावलली गेली, बेळगावात सायकलींचे दुकान निघाले आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगराला प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अडचण, जिद्द व यश या क्रमामुळे कथन वेधक होते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या क्रमात इतर माणसे नायकाच्या गुणांचा पुरावा म्हणूनच येतात. शिक्षा भोगलेल्या माणसांना वाडीत रखवालीचे काम दिल्याचा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. त्यातून लक्ष्मणरावांचा माणुसकीवरील विश्वास दिसतो, यात शंका नाही. परंतु ज्यांच्यावर विश्वास टाकला गेला त्यांना तो कसा वाटला, हा प्रश्न कथनात उद्भवतच नाही. ओतशाळेतील उष्णतेत साचे भरणारे हात तर त्याहूनही अस्पष्ट राहतात.

वेल्समधील समांतर उदाहरण :
हा दोष केवळ मराठीचा नाही. वेल्समधील कोळसा उद्योजक डेव्हिड डेव्हिस (१८१८-१८९०) करवतीने लाकूड कापण्याच्या कामातून वर आला. ऱ्होंडा खोऱ्यात कोळशाचा शोध घेताना त्याचे पैसे संपत आले, तेव्हा कामगारांनी आणखी काही दिवस विनावेतन खोदकाम केले व १८६६ मध्ये कोळसा लागला, अशी कथा सांगितली जाते. या कथेत जोखीम कामगारांनीही उचलली आहे. पण पुतळा एकट्या डेव्हिसचा आहे आणि त्याच्या हाती गोदीचा नकाशा आहे.

कथनाची साधने कोणाकडे?
किर्लोस्करांची कथा टिकली याचे एक कारण कर्तृत्वाइतकेच छापखान्यात आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याला स्वतःचे नियतकालिक, संपादक व वाचक लाभले. शंतनुरावांचे आत्मचरित्रही १९८२ मध्ये प्रकाशित झाले. उलट, १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणणारे विठ्ठलराव दातार व त्या काळी उद्योगाला आश्रय देणारे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा उल्लेख शहराच्या इतिहासात बहुधा काही ओळींत आटोपतो. चरित्र कोणाचे लिहिले जाते, हे केवळ कर्तृत्वावर ठरत नाही.

इचलकरंजीचा अनुभव आणखी एका अर्थाने महत्त्वाचा आहे. येथील खर्चीवाला स्वतःच्या मागावर व्यापाऱ्याच्या सुताचे कापड मजुरीने विणून देतो. तो मालक आहे आणि मजुरीवर अवलंबूनही आहे. अनेकदा मागावर तो स्वतः उभा असतो. एक संस्थापक व त्याचे अनुयायी, या साच्यात हे जीवन बसत नाही. कांडीवाला, वहिफणी कामगार, जॉबर व सायझिंगमधील कामगार यांच्याशिवाय कापड निघत नाही. तरी चरित्रलेखनाच्या दृष्टीने ते अनामच आहेत.

समारोप :
उद्योजकाचे कर्तृत्व नाकारणे हा या विवेचनाचा उद्देश नाही. माळावर वसाहत उभारण्याला दृष्टी लागते, आणि ती लक्ष्मणरावांकडे होती. परंतु चरित्र म्हणजे केवळ गौरव नव्हे. हिशेबाच्या वह्या, हजेरीपट व वृद्ध कामगारांच्या आठवणी यांना चरित्राची साधने मानल्यास नायक लहान होणार नाही. त्याचे कार्य कोणाच्या सोबतीने घडले, ते कळेल. यंत्रमागाची पहिली शंभर वर्षे २००४ मध्येच पूर्ण झाली आहेत. जुन्या पिढीच्या आठवणी नोंदविण्याचे काम येथील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घ्यावे. कारण ही साधने कोणाच्याही छापखान्यात जतन झालेली नाहीत.